खोलीतली मैफल आणि दाराबाहेरचे आप्पा

आम्ही चार मित्र दर रविवारी एकाच खोलीत जमलो की किस्से साठतच जातात. बायको विचारते, "गाणं ऐकायला जाता की गप्पा मारायला?" दोन्ही! खोली सुधीरची, बदलापूरला खरवईतल्या नव्या फ्लॅटमधली. समोर पडदा, चारी भिंतींना स्पीकर, छतालासुद्धा! कुठल्या कुठल्या शहरातली मैफल नेटवरून थेट येते आणि आपण चक्क मधोमध बसलेलो असतो.

सुधीरने हा खटाटोप केला वडिलांसाठी. आप्पा गावच्या भजनात पखवाज वाजवायचे. वाजवण्याआधी पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावावी लागते. ती सुधीरची आई भिजवून द्यायची. आई गेली आणि पखवाज गवसणीत गेला. खोली तयार झाली तरी आप्पा उंबरा ओलांडेनात. "तुमचं चालू द्या," एवढंच म्हणायचे. सुधीर फार खट्टू व्हायचा.

*

लच्छू उल्हासनगरचा, पडद्याच्या कापडाचा व्यापारी. खोलीचे जाड पडदे त्याच्याच दुकानातले. पहिल्याच दिवशी आलाप अगदी बारीक सुरात चालला होता आणि मागून कोणीतरी खोकलं.

लच्छू गर्रकन वळला, "अरे साईं, बाहर जाके पानी पियो ना!"

मागे स्पीकर लावलेली भिंत होती. तिच्यावर त्याचाच पडदा!

*

दत्तू विठ्ठलवाडी डेपोचा रिटायर ड्रायव्हर. "जन्म इंजिनाच्या आवाजात गेला, मला काय घंटा कळणार?" म्हणत बसला. तबल्यावर थाप पडली आणि याने वाकून फरशीला हात लावला.

"काय शोधतोस रे?"

"गाडी सुरू झाली की आधी पायाला कळतं ना, तसा हा तबला कळला!"

*

एकदा ऐन मैफलीत मला बाथरूमला जावं लागलं. पडद्यासमोरून जाताना मी आपोआप वाकलो, एक हात पुढे करून, बैठकीतून जातात तसा. परत आलो तो म्हटलं, आता टिंगल होणार.

कोणी हसलं नाही. थोड्या वेळाने लच्छू उठला, तोही वाकूनच गेला. दत्तूने तर गायकाला नमस्कार केला!

*

एका संध्याकाळी तान समेवर येणार, तेवढ्यात लाइट गेली. बदलापूरकरांना त्याचं काय नवल! पण अंधारात चौघांची मांडीवर थाप पडली. एकदम, समेवर! माझ्या अंगावर काटाच आला.

तेवढ्यात दाराबाहेरून आवाज आला, "बरोबर आली."

सुधीरने धावत जाऊन दार उघडलं. पॅसेजमध्ये नुसती रिकामी खुर्ची होती.

*

पुढच्या रविवारी धृपद होतं, साथीला पखवाज. सुधीरने दार मुद्दाम उघडं ठेवलं. पहिला 'धा' खोलीभर घुमला आणि आप्पा आत आले! सुधीर मधली खुर्ची देत होता, पण ते खाली सतरंजीवर बसले, डोळे मिटून. डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलत होती. गाणं राहिलं बाजूला, आम्ही चौघंही आप्पांकडेच बघत होतो.

मध्येच आप्पा उठले. पडद्यासमोरून वाकून बाहेर निघून गेले. सुधीरचा चेहरा पडला.

मग स्वयंपाकघरातून आवाज आला, "सूनबाई, मूठभर कणीक भिजव गं."

"अहो आप्पा, चपात्या झाल्यात की सगळ्यांच्या!"

"खायला नकोय."