कुठला आकडा धरायचा

मधूभाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी पेणच्या एसटी स्टँडवर होते. त्यांच्या पत्नीचा, सुमनवहिनींचा फोन आला. "ताई, हे गेले. सकाळी चहा मागितला आणि..." याला आता दीड महिना झाला.

मुंबईच्या एका रुग्णालयात आम्ही बावीस वर्षं बरोबर काम केलं. ते रोह्याचे, मी पेणची. शनिवारी घरी यायची गाडी एकच. हृदयाच्या शस्त्रक्रियेत ते हृदयाचं आणि फुफ्फुसांचं काम तेवढा वेळ करणारं हार्ट-लंग मशीन चालवायचे, मी रक्तातले वायू आणि आम्लता तपासायचे. काही शस्त्रक्रियांत शरीर तासन्‌तास थंड ठेवावं लागतं, म्हणजे कमी रक्तपुरवठ्यातही मेंदू तग धरतो. थंड रक्तात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळून राहतो आणि आम्लता उतरते. माझं यंत्र मात्र नमुना सदतीस अंशांवर आणून मोजायचं. मग खरा आकडा कुठला, गरम केलेल्या नमुन्याचा की थंड शरीराचा? मशीनमधून रक्तात वायू किती सोडायचा, ते त्यावर ठरायचं. आमच्याकडे पहिला धरायचे. मोठ्या माणसांना तो मानवायचाही.

मग रोह्याजवळच्या एका भातशेतकऱ्याची पाच महिन्यांची मुलगी आली, वैष्णवी. शस्त्रक्रिया नीट झाली, पण नंतर तिला झटके आले. तिनं डोळे उघडले ते चौथ्या दिवशी. कुणी कुणाला दोष दिला नाही. मधूभाऊंनी मात्र तिचे सगळे रिपोर्ट माझ्याकडून मागून घेतले.

"ताई, तुमचं मोजमाप बरोबर हाय. मी धरला तो आकडा बरोबर होता का, ते बघायचंय."

महिनाभर ते वाचत होते. तान्ह्या मुलांना थंड करताना थंड शरीराचा आकडा धरून थोडा कार्बन डायऑक्साइड मुद्दाम दिला, तर मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि मेंदू सगळीकडे सारखा थंड होतो, असं त्यांना सापडलं. ते सर्जनसाहेबांकडे गेले.

"झटके त्यामुळेच आले, हे सांगता येईल?" साहेबांनी विचारलं.

"नाय. पण पुढच्या पोराच्या बाबतीत ही शंका कशाला ठेवायची?"

त्यानंतर लहान मुलांसाठीची पद्धत बदलली. मधूभाऊंनी वैष्णवीच्या घरी जाऊन तिच्या आईलाही हे सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "पोर बोलंल ना?" बोलली, पण फार उशिरा...

परवा मी रोह्याला भाऊंच्या घरी गेले, तेव्हा वैष्णवी आईबरोबर आली होती. आता तेरा वर्षांची आहे. भाऊंच्या टेबलासमोर भिंतीवर नव्या पद्धतीचा, त्यांच्या हस्ताक्षरातला एक कागद आहे. ती एकेक शब्द जुळवत वाचू लागली, "तान्ह्या... मुलांना... थंड करताना..." मग वहिनींकडे वळून म्हणाली, "हे माझ्यासाठी लिवलंय?"

वहिनी म्हणाल्या, "नाय गो. तुझ्यानंतरच्या पोरांसाठी."

तिनं मान हलवली आणि कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.