सिस्टीमला ऑटो आहे का?

कॉम्प्युटरवर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची, यावर मी आठवडाभर नुसता घोळ घालत होतो. नोकरी साताऱ्यात, पण जीव सगळा मेढ्याजवळच्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर. त्याच्यावर गावाचं इंटरनेटवरचं एक पान चालवायचं होतं: उपसा योजनेचं पाणी आत्ता कुणाच्या रानात, पुढची बारी कुणाची. पाणी सोडणारा पाटकरी मोबाईलवरून नोंद करणार, पान ती गावाला दाखवणार. गावाच्या ग्रुपवर बारीचा निरोप शुभ सकाळच्या फुलांखाली गाडला जायचा, आणि बारी पुकारणाऱ्या स्पीकरचा आवाज आमच्या वरच्या रानापर्यंत पोचायचाच नाही.

ते रान वहिनी एकट्या बघतात, दादा फौजेत. आल्याच्या पिकाच्या दोन बाऱ्या हुकल्या होत्या. आता हुकली तर रान वाट्यानं देऊन टाकीन, असं त्यांनी दादाला फोनवर सांगून टाकलं होतं. म्हणून तर माझी ही धावपळ.

पहिली सिस्टीम टाकली ती लय देखणी. निळे डोंगर, गोल गोल चित्रं. हौसेनं वहिनींना दाखवायला बोलावलं. त्यांनी बघून घेतलं आणि विचारलं, "मोटारीला ऑटो असतोय, लाईट आली की आपली आपण सुरू व्हती. ह्याला ऑटो हाय का?"

असतोय की, म्हणालो. त्यांनी सरळ प्लग उपटला आणि परत लावला. कॉम्प्युटर सुरू झाला, डोंगर आले, आणि गडी पासवर्ड मागत बसला. पान काही उघडेना. तुमी साताऱ्याला, मग ह्याला पासवर्ड कोण देणार, असं त्या म्हणाल्या. राग आला मला, आणि हसूही.

मग मात्र मी इरेला पेटलो. देखणेपणा गेला खड्ड्यात! डेबियन नावाची दुसरी सिस्टीम टाकली, तीही बिनचित्रांची: काळा पडदा, पांढरी अक्षरं. पान दाखवणारा प्रोग्रॅम सिस्टीमबरोबरच उठेल अशी तजवीज केली आणि प्लग उपटत सुटलो. दर वेळी कुणी हात न लावता पान हजर. काय आनंद झाला म्हणून सांगू! ह्याला कुणीतरी आवरा, असं आई आतून म्हणत होती.

बारीच्या दिवशी मी ऑफिसात. सकाळीच गावात लाईट गेली आणि पान गायब. लाईट नाही म्हणजे पाणीही थांबलं, हे कळत होतं, तरी मी दर मिनिटाला पान उघडून बघत होतो. दुपारी पान झपकन उघडलं: चालू बारी, वरचं रान. मी खुर्चीतून उठलोच. वहिनींना फोन लावला, उचलेनात. परत लावला, तरी तेच.

शेवटी त्यांचाच आला. मागं पाण्याचा आवाज.

"भावजी, सारखा फोन करू नका," त्या म्हणाल्या. "पान बघूनच आलीया रानात. हातात खोरं हाय, पाण्याची दारं धरतीया मी."