उमरोळीला अडकलेलं इंजिन

बोईसरमध्ये एखादी गोष्ट बंद पडली की जबाबदारी कोणीच घेत नाही. मीही घेतली नाही.

बंद पडलं होतं माझ्या सासऱ्यांचं इंजिन. वीतभर लांबीचं, विजेवर धावणारं, खेळण्यातलं. सासऱ्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. त्यांचा उभा जन्म मालगाड्या चालवण्यात गेला. उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि आम्ही त्यांना आमच्याकडे घेऊन आलो. पालघरच्या डॉक्टरांनी व्यायामासाठी रबरी चेंडू दिला. "मी काय तान्हा आहे?" म्हणत अण्णांनी तो फेकून दिला (डाव्या हाताने, माझ्या दिशेने). मग परदेशातल्या मेहुण्याने हे इंजिन आणि रूळ पाठवले. त्याचा वेग वाढवायला एक गोल बटण फिरवावं लागतं. अण्णांनी ते पहिल्याच दिवशी न सांगता उजव्या हाताने धरलं! सोफ्यापाशी पालघर, जेवणाच्या टेबलाखाली उमरोळी, टीव्हीखाली बोईसर, अशी आमच्या हॉलमध्ये लाइन सुरू झाली. महिनाभरात त्यांची बोटं हलू लागली. माझी बायको माधवी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून डोळे पुसायची आणि मी विचारलं की कांद्यावर ढकलायची.

आता माझ्याविषयी. मी तारापूरच्या एका कारखान्यात बावीस वर्षं इलेक्ट्रिकल मेन्टेनन्सला आहे. दसऱ्याला तिथली सगळी यंत्रं पुजून घरी आलो, स्कूटर पुजली आणि त्याच उत्साहात इंजिनही पुजलं. हळद, कुंकू, झेंडूचं फूल, सगळं साग्रसंगीत. नवं वाहन म्हणून चाकाखाली लिंबूही ठेवलं. पण वीतभर इंजिनाला लिंबू काही चिरडेना! शेवटी ते मीच अंगठ्याने चिरडलं. शास्त्र ते शास्त्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पालघरहून निघालं, दोन आचके दिले आणि उमरोळीला थांबलं ते थांबलंच. अण्णांनी बटण पूर्ण फिरवलं. काही नाही.

"सिग्नल नाही," ते म्हणाले आणि उजवा हात शालीखाली घेतला. तो संध्याकाळपर्यंत बाहेर काढला नाही. जेवण डाव्या हाताने.

"अहो," माधवी मला बाजूला घेऊन म्हणाली, "परवा डॉक्टरांकडे न्यायचंय. हात असाच राहिला तर? तुम्ही इलेक्ट्रिकलचे ना?"

इलेक्ट्रिकलचा! माझी छाती फुगली. "फॉल्ट म्हणजे कॉन्टॅक्ट" हे वाक्य मी कारखान्यात इतक्या जणांना ऐकवलंय की ते मला पाठमोरा पाहूनही रस्ता बदलतात.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून कामाला लागलो. रुळाला मीटर लावला. करंट होता. इंजिन उघडून मोटर टॉर्चच्या सेलवर लावली. गरगर फिरली! "रूळ ठीक, मोटर ठीक," मी जाहीर केलं, "म्हणजे मूळ बनावटीतच खोट आहे." आणि चाकांना भरपूर ग्रीस लावलं.

आता इंजिन पालघरहूनही सुटेना.

"काल उमरोळीपर्यंत तरी जात होतं," अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले.

इंजिनाच्या पोटात तांब्याच्या बारीक पट्ट्या असतात. चाकाला घासून त्या मोटरला करंट पोचवतात. त्या जरा चेपाव्यात म्हणून मी पकड लावली. टिंग! एक पट्टी उडाली ती थेट उघड्या दारातून बाहेर. दारात दातिवऱ्याच्या हिराकाकी माधवीला बोंबील मोजून देत होत्या. पट्टी नेमकी त्यांच्या टोपलीत!

"दादा, हा काटा आमच्या मासलीचा नाय!" पट्टी चिमटीत धरून त्या आत आल्या. समोर इंजिन उताणं पडलेलं. त्यांनी ते उचललं, चाकांवरून बोट फिरवलं, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हलद?"

"हो... पूजेची."

"नि लिंबूबी? वर त्याल?"

"ग्रीस आहे ते."

"आगो माधवी," हिराकाकी ओरडल्या, "तुज्या नवऱ्यानं इंजिन मुरवत ठेवलाय! तवा तापव, आता तलायचाच बाकी हाय!"

शालीखालून खुसखुस ऐकू आली. अण्णा हसत होते! झटक्यानंतर पहिल्यांदाच.

मी मात्र गार पडलो. चाक आणि रूळ यांच्यामध्ये हळद-लिंबाचा वाळलेला थर, वर माझं ग्रीस. करंट जाणार कुठून? फॉल्ट म्हणजे कॉन्टॅक्ट, आणि कॉन्टॅक्ट बिघडवणारा मी! मुकाट्याने अण्णांच्या औषधांतलं स्पिरिट घेतलं, कापसाने एकेक चाक पुसलं. कापूस पिवळाधमक निघाला. रूळ साध्या खोडरबराने घासले, पट्टी पुन्हा बसवली.

"अण्णा," मी म्हटलं, "सिग्नल दिलाय."

मग शाल हलली, हात बाहेर आला, बोटांनी बटण धरलं. इंजिन पालघरहून सुटलं. टेबलाखाली त्याचा दिवा एकदा मिणमिणला आणि माझा जीव टांगणीला लागला. पण उमरोळी गेली, बोईसर आलं! हिराकाकी बोंबील विसरून टाळ्या वाजवत होत्या. माधवी रडत होती, आणि या वेळी कांदा कुठेच नव्हता.

मला इतका आनंद झाला की मी धावत देवघरातून कुंकवाचा करंडा आणला. म्हटलं, इंजिनाला एक बोट...

"थांबा, जावईबापू!"

अण्णांचा उजवा हात खांद्यापर्यंत वर गेला होता. थेट, ताठ, लाल बावटा दाखवावा तसा. आम्ही सगळे बघतच राहिलो. अण्णाही.

दुसऱ्या दिवशी पालघरला डॉक्टर थक्क झाले. "खांद्यापर्यंत? असा कोणता व्यायाम केलात?"

अण्णांनी तोच हात उचलून माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यांना इंजिनापासून लांब ठेवण्याचा."

डॉक्टरांनी तो रोज दोन वेळा करायला सांगितला आहे. मी सकाळ-संध्याकाळ करंडा घेऊन हजर असतो.