गळक्या नळाची पाहणी

माझा दादा प्लंबर. गळका नळ दिसला की त्याचे हात शिवशिवतात. पाहुणा म्हणून गेला तरी आधी मोरीत डोकावतो. मी वस्तीतली अभ्यासिका सांभाळते. जागा पालिकेची, इमारत एका कंपनीनं बांधून दिलेली, कारभार एका संस्थेचा. तिथला नळ चार महिने गळत होता आणि तिघंही एकमेकांकडे बोट दाखवत होते. अर्ज लिहून लिहून माझा हात मोडून आला. शेवटी दादानं पाच मिनिटांत नवा वॉशर घातला, जुना खिशात टाकला.

दुसऱ्याच दिवशी तिन्हीकडची माणसं पाहणीला हजर! नळ कोरडा ठणठणीत. तो नीट बसलाय का बघायला दादाही आला होता.

"गळती कुठंय?" पालिकेचे साहेब माझ्यावर खेकसले. "अहवालात काय लिहायचं?"

"दुरुस्त केला की, साहेब," मी म्हणाले.

"कुणाला विचारून?" कंपनीवाले कडाडले.

संस्थेच्या ताई हळूच म्हणाल्या, "फोटोपुरतं तरी गळायला हवं हो."

दादानं कपाळावर हात मारला आणि जुना वॉशर परत चढवला. टपटप सुरू झाली. फोटो निघाले, सह्या झाल्या, दुरुस्तीचा निर्णय अभ्यासिकेतच होणाऱ्या पुढच्या बैठकीवर गेला.

गाड्या वळल्या तसा दादानं पुन्हा नवा वॉशर बसवला.

"बैठकीच्या आदल्या दिवशी आठवण कर गं," तो म्हणाला. "नळ बिघडवायला यावं लागेल."