भोगीच्या आगीत टाकलेली गोळी

महाराष्ट्रात भोगीला तीळ लावलेली भाकरी आणि मिसळीची भाजी करतात म्हणे. आमच्या तंजावरात त्या पहाटे घरातलं जुनं, फाटकं, मोडकं दारापुढे आणून जाळतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी पोंगलला घर कोरं. दोन वर्षांपूर्वीच्या भोगीला आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मोडकं सूप आणलं. मी आणलं नैराश्याच्या गोळ्यांचं पाकीट.

आई गेल्यावर मी अंथरूण धरलं होतं, तेव्हा याच गोळीने मला उठवलं होतं. पण दोन वर्षं झाली होती. मी पापनाशमच्या शाळेत परत गणित शिकवत होते, मुलांवर ओरडत होते, म्हणजे ठणठणीत होते. डॉक्टरीणबाईंना विचारलं असतं तर त्या ‘हळूहळू’ म्हणाल्या असत्या, आणि हळूहळू हा शब्द मला लहानपणापासून सोसत नाही. शिवाय मुहूर्त इतका चांगला! दिलं टाकून. वर हात जोडून नमस्कारही केला.

पोंगल गोडात गेला. चौथ्या दिवशी बसमध्ये तिकीट घ्यायला मान वळवली आणि डोक्यात विजेचा झटका बसला. क्षणभरच, पण दात शिवशिवले. मग मान वळवली की झटका, डोळे फिरवले की झटका. पायाखालची फरशी डुलायची. दूध उतू गेलं म्हणून मी रडले, आणि दूध उतू जाणं तर आमच्याकडे शुभ. नवरा भात चावतो त्याचा आवाज होतो म्हणून त्याच्या अंगावर धावून गेले. ‘‘तंजावरची बाहुलीसुद्धा मान हलवते, तू तेवढी ताठ,’’ असं तो गमतीने म्हणाला, आणि मी ताट आपटलं. सकाळी दारात रांगोळी काढायला, आमच्या भाषेत कोलम घालायला, वाकले तर रेघ धरता येईना. आत्याबाईंनी पाणी ओतून ती पुसली.

मला खरी भीती एकच होती. आजार परत आला. म्हणजे मी बरी झालेच नव्हते, गोळीच माझ्या वतीने बरी होती, आणि आता ही जन्माची.

‘‘कधी बंद केलीत?’’ डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

‘‘भोगीला.’’

त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘‘म्हणजे टाकलीत?’’

‘‘जाळली.’’

त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, आजार परततो तो बहुतेक दबक्या पावलांनी, आठवडे घेत. हे चार दिवसांत आलंय आणि झटके घेऊन आलंय. शरीराला सवय झालेली वस्तू तुम्ही हिसकावून घेतलीत, त्याचा हा राग आहे. पुन्हा सुरू करा, स्थिर व्हा, मग मात्रा उतरवत नेऊ. गोळी सुरू केली आणि चार दिवसांत झटके थांबले. सुटल्यासारखं वाटलं आणि संतापही आला. ती गोळी जिंकली होती.

घरी आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘अगो, तू गणित शिकवतेस न? पंधरा पुळ्ळीचं कोलम घालतांना पंधरावरून एकदम एकावर येतेस काय?’’

पुळ्ळी म्हणजे ठिपके. मधल्या ओळीत पंधरा, मग तेरा, मग अकरा, असं उतरत टोकाला एक. मधली ओळ गाळली तर रेघा जुळतच नाहीत. हे मी रोज सकाळी करत होते आणि मला सुचलं नव्हतं. आत्याबाईंचं बरोबर असलं की माझा पारा चढतो, पण त्या दिवशी मान्य केलं.

मग उतरणं सुरू झालं. डॉक्टरीणबाई सांगतील तेवढंच, त्या सांगतील तेव्हाच. प्रत्येक ओळीला काही दिवस वाईट जायचे. चित्रविचित्र स्वप्नं पडायची, सगळी शाळा माझ्या स्वयंपाकघरात जेवायला बसलेली. त्या दिवसांत मोपेड बंद. कालव्याच्या कडेने पायी चालायचं, आणि चिडचिड होणार हे घरात आधीच सांगून ठेवायचं. नवरा मग भातसुद्धा दबकत चावायचा. एकदा झटके फारच वाढले, तर आधीच्या मात्रेवर परत जावं लागलं. मला लाजेने मेल्यासारखं झालं. आत्याबाई म्हणाल्या, ‘‘पुसून परत घाल, त्यांत काय?’’

पुढची भोगी आली तेव्हा गोळीऐवजी पातळ औषधाची बाटली होती, मात्रा थेंबांवर आली होती. आग पेटली होती. आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या. इतकंसं तर राहिलंय, माझे हात शिवशिवत होते. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि म्हटलं, ‘‘अजून ओळी आहेत.’’

शेवटचा थेंब घेतला तो आडी महिन्यात, म्हणजे आषाढात, एका मंगळवारी. आडीत आमच्याकडे कोणी नवं काही सुरू करत नाही. मुहूर्त वगैरे काही नव्हता. बाटली विसळली आणि शाळेला गेले. मग आजार परततो का, याची वाट बघितली. एक महिना, दोन, चार. मार्गळीत, म्हणजे भोगीआधीच्या महिन्यात, रोज पहाटे दारात वाकून पंधरा पुळ्ळी घातल्या. रेघ सरळ गेली. मन खाली बसलं नाही.

या वर्षीच्या भोगीला आत्याबाई फाटकी चटई घेऊन आल्या. ‘‘तुजें काय टाकायचं?’’

‘‘काही नाही, आत्याबाई.’’

‘‘अस्कं झालं?’’ अस्कं म्हणजे सगळं.

‘‘अस्कं.’’

त्यांनी चटई माझ्या हातात दिली. ‘‘मग ही तू टाक.’’

मी ती पूर्ण ताकदीने आगीत फेकली. मग मान गर्रकन डावीकडे वळवली, मग उजवीकडे, परत डावीकडे. काही झालं नाही. समोरच्या घरातली बाई हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत राहिली. बघू दे.