सुनंदावहिनींच्या दोन खिडक्या

आमच्या बुधवारा पेठेत कुणाकडे पाहुणे आले, हे यजमानाच्या आधी सुनंदावहिनींना कळतं. पाहुणा काय घेऊन आला आणि जाताना त्याचं तोंड कसं होतं, हेसुद्धा. त्यांची खिडकी माझ्या दाराच्या बरोबर समोर, त्यामुळे या चौकसपणाचा सगळ्यात जास्त ताप मलाच झाला. मी पोस्टातून निवृत्त झालेला, एकटा, तिरसट माणूस. तपासणी करून घरी आलो की माझी शुगर किती निघाली ते संध्याकाळपर्यंत पलीकडच्या इतवाऱ्यात पोचलेलं असायचं. या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही, अशी माझी पक्की खात्री होती.

तर अशा वहिनी गेल्या हिवाळ्यात खिडकीत दिसेनाशा झाल्या. पहिले काही दिवस बरं वाटलं, मग मलाच चैन पडेना. शेवटी पेपर मागायच्या निमित्ताने त्यांच्याकडे डोकावलो. वहिनी मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरपुढे बसल्या होत्या. पडद्यावर कुठलंसं तपकिरी माळरान होतं, आकाशातून काढलेलं.

"हे काय, तुमच्या माहेरचं खकनार?"

"सुदान."

"तिथं तुमचं कोण ऱ्हातं?"

"कोणीच नाही. म्हणून तर पाहू ऱ्हायली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सुदानात लढाई पेटलेली. अडकलेल्या लोकांना औषध-पाणी पोचवणाऱ्या संस्थेला गावंच सापडत नाहीत, कारण कित्येक गावं नकाशावरच नाहीत. म्हणून जगभरची साधी माणसं अशी चित्रं बघून घरबसल्या एकेक घर, एकेक वाट नकाशावर आखून देतात. आखणारा एक, तपासणारा दुसरा. वहिनींची सून हिमानी इंदूरला नोकरी करते, तीही हे काम करायची. सासूचा चौकसपणा कुणाच्या तरी कामी येऊ दे म्हणून तिनेच त्यांना शिकवलं.

माझं डोकं फिरलं. "आपल्या गल्लीत नळाला पाणी नाही, अन् तुम्ही सुदानची घरं मोजता?"

"नळाचं मी नगरपालिकेत सांगून आली," वहिनी पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "तुम्ही गेले होते का?"

गेलो नव्हतो. गुपचूप खुर्ची ओढून बसलो. काम मला पटलं नव्हतं, पण लोकांची छपरं वरून बघायला मजा वाटायला लागली, आणि मी रोज चहाच्या वेळी तिकडे जायला लागलो.

एकदा त्यांच्या वाट्याला कोरड्या नदीकाठचं एक गाव आलं. औषधवाल्यांची गाडी त्या भागात निघणार होती आणि नकाशात जिथं वस्ती मोठी दिसेल तिथंच ती थांबणार होती. वहिनींनी चौकोनी घरं आखली. ती मोजकीच निघाली. आजूबाजूला गवताच्या रंगाचे गोल ठिपके मात्र खूप होते.

"कडब्याच्या गंज्या," वहिनी म्हणाल्या. माहेर खकनारकडचं, शेतकऱ्याचं. त्यांना कोण शिकवणार? मीही मान डोलावली. आमच्याकडे शेतात गोल, पिवळं काही दिसलं तर ती गंजीच असते. गाव तपासणीला गेलं.

पण वहिनींचं मन लागेना. "इतकीशी घरं, अन् गंज्या इतक्या? अन् एवढी ढोरं बांधतात कुठं?" दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "भाऊजी, हे पाहा." प्रत्येक ठिपक्यापर्यंत एक बारीक, पांढुरकी पायवाट गेली होती.

"गंजीकडे माणूस कधीमधी जातो. अशी घासलेली वाट दाराचीच ऱ्हाते. मी जनमभर दारंच पाहत आली."

हिमानीला फोन लावला. ती म्हणाली, "हाँ आई, तिकडे गवताची गोल घरंच बनवतात ना! तुम्ही फक्त चौकोनीच टाकले क्या?"

वहिनींचा चेहरा उतरला. "अगं माय, जित्या माणसांना मी कडबा समजली!" आमच्या मूर्खपणापायी गाडी त्या गावावरून सरळ पुढे गेली असती, हे तेव्हा माझ्याही लक्षात आलं. त्या दिवशी वहिनींनी चूल पेटवली नाही. मी बाहेरून पोळी-भाजी आणली. गाडी निघायच्या आत एकूण एक गोल घर नकाशावर चढलं.

मग गाडी निघण्याआधी रस्ता तपासायला संस्थेने त्याच गावाचं ताजं चित्र पाठवलं. त्यात बऱ्याच गोल घरांच्या जागी जळल्याची काळी वर्तुळं उरली होती. वहिनींनी तोंडाला पदर लावला. मला रडू आलं आणि त्याचा रागही आला. "संपलं, वहिनी. बंद करा ते."

वहिनींनी डोळे पुसले आणि खुर्ची आणखी पुढे ओढली. "घर जळालं म्हणून माणूस जळालं असं नाही. कुठंतरी गेलंच असंल ना? जुन्या चित्रात नसलेली वाट शोधा."

आम्ही दोघं शोधत राहिलो. सापडली ती त्यांनाच. नदीचं कोरडं पात्र ओलांडून ती एका झाडीत शिरत होती, आणि सावलीत काही फिकट तुकडे होते. ताणून बांधलेली कापडं. त्यांनी बोट ठेवेपर्यंत मला काहीच दिसलं नव्हतं.

हिमानीने फोनवर बजावलं, "आई, हे नकाशावर टाकायचं नाही. नकाशा सगळेच पाहतात, जाळणारेही. फक्त संस्थेला कळवा. और किसी को नहीं." मी मनात म्हटलं, पोरी, गुपित ठेवायला बरं माणूस निवडलंस.

पुढे निरोप आला की गाडी झाडीपर्यंत पोचली, तिथं माणसं होती, लेकरंही होती. मला आनंद झाला आणि त्या आनंदात चौकशीची खाज सुटली. चित्र मी पाहिलं होतं, पण ते गाव नक्की कुठलं, नदी कुठली, हे वहिनींनी कधी सांगितलंच नव्हतं.

"गावाचं नाव काय हो, वहिनी?"

"चहा घ्या."

"मी कुणाला सांगणार आहे?"

वहिनींनी कॉम्प्युटर बंद केला. मी भडकलो. "माझी शुगर अख्ख्या इतवाऱ्याला सांगितली, अन् एवढं सांगता येत नाही?"

"शुगर ऐकून तुम्हाला मारायला कोणी येत नव्हतं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या, आणि बिनसाखरेचा चहा त्यांनी माझ्यापुढे ठेवला.