तिच्या सात विती

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं नवरा-बायको चुलीपाशी बसून तुरीच्या उकडलेल्या शेंगा खात होतो. म्हणजे ती सोलायची अन् मी खायचो. टरफलं चुलीत टाकता टाकता ती म्हणाली,

"अजी, कलदार कुठं पुरले ते सांगून ठेवू का?"

"काऊन वो? कुठं चालली?"

"कुठं नाई. तुमी नव्वद साली दारू सोडली, बारा वर्षं झाली. आता सांगाले हरकत नाई. चुलीपासून सात विती, दाराकडं. पोरीले देजा."

कलदार म्हणजे इंग्रजाच्या राज्यातले चांदीचे रुपये. तिच्या मायनं लग्नात पाच दिले होते. मी दुसरी शिकलेला, पण चांदी कुठं विकायची ते मला पक्कं ठाऊक. जिल्ह्यात दारूबंदी होती, तरी हिंगणीच्या आसपास भट्टी शोधावी लागत नव्हती. तिच्या पायातल्या तोरड्या मी पिऊन टाकल्या. त्याच आठवड्यात कलदार पेटीतून गायब झाले. मी घाण घाण शिव्या दिल्या, तरी तिनं जागा सांगितली नाही.

तिनं सांगितलं अन् दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीत बसल्या बसल्या ती गेली.

तेरवी आटोपली तशी मी सब्बल घेतली. सात विती मोजल्या, गुडघाभर खोदलं. काही नाही. आणखी पुढं खोदलं, थेट दारापर्यंत खोदलं. तिनं जन्मभर सारवलेली जमीन पार उसकटून टाकली. मग वाटलं, जाता जाताही बाईनं भरोसा ठेवला नाही, खोटी जागा सांगून गेली. तेवढं एक मनातून जाईना. पोरीला काय सांगू?

उन्हाळ्यात नळाचे जुने पाइप शोधायला एक मिस्त्री गावात आला. त्याच्याजवळ दांड्याला थाळी लावल्यासारखी मशीन होती. जमिनीत धातू असला की ओरडायची. पाणी प्यायला घरात आला अन् खड्डा पाहून म्हणाला,

"बाबाजी, घरातच विहीर पाडून राह्यले का?"

मी सगळं सांगितलं, दारूसकट. तो हसला नाही. थाळी फिरवू लागला. आधी खिळा निघाला, मग विळ्याचा तुकडा. माझ्या खड्ड्यावर मशीन गप्प. मग खड्ड्याच्या अलीकडं, चुलीच्या बाजूला, एकदम ओरडली. हातभर खाली कुंकवाची पितळी डबी. आत पाच कलदार, काळे पडलेले. अंगठ्यानं घासलं तशी राणी दिसली.

"तुमी पुढं काऊन गेले?" मिस्त्री म्हणाला.

"सातच विती मोजल्या ना बाप्पा."

"कोणाच्या?"

मी धान्याच्या कोठीकडं पाहिलं. दिवाळीला तिनं कोठीवर चुन्याचा पंजा उठवला होता. मी त्यावर माझा पंजा ठेवला. माझी बोटं एकेक पेर बाहेर राहिली. सुतळीनं तिची वीत घेतली अन् चुलीपासून सात वेळा टाकली. सुतळी डबीच्या खड्ड्यातच पोचली.

खरं सांगून गेली होती. मी तिथंच बसून रडलो. मिस्त्रीनं पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. त्याचं भलं होवो. अन् तिचे तर उपकारच. लपवले नसते तर हेही मी भट्टीवर नेले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खड्डे बुजवले, जमेल तसं सारवलं अन् एसटीनं कारंज्याला पोरीकडं गेलो. डबी तिच्या हातात दिली.

"बाबा, कुठं होते हे?"

"तुह्या मायनं माह्यापासून लपवले होते," मी म्हणालो. "बरं केलं तिनं."